जुन्या खाण-स्फोटकांचा फलक: कामाच्या नोंदी

६ जुलै

काम अंगावर आलं. खाणीतल्या जुन्या वस्तूंचं एक छोटं प्रदर्शन नागपुरात ऑक्टोबरच्या शेवटी लागायचं आहे. दिवे, कुदळी, मोजमापाच्या साखळ्या वगैरे इतर मंडळी बघतील. स्फोटकांचा फलक माझ्याकडे: सहा फूट बाय चार फूट, समोर काचेची एक पेटी, आणि खर्चाला बारा हजार रुपये.

काळी दारू आणि डायनामाइट सगळ्यांना ठाऊक असतात. मला हवी आहेत ती एकेकाळी खाणींत गाजलेली आणि आता कुणाला न आठवणारी नावं: लिथोफ्रॅक्टर, ड्युअलिन, टोनाइट, रोब्युराइट, बेलाइट, रॅकारॉक. दुसरं कुणी असं काम हाती घेणार असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवली. घटकांचा आणि प्रमाणांचा रकाना तक्त्यात ठेवायचा नाही. प्रदर्शनाला शाळेतली मुलं येणार आहेत. शिवाय कशात काय मिसळलं होतं हे कळलं, म्हणून ते का चाललं आणि का बुडालं हे कळत नाही.

११ जुलै

पहिली पद्धत: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छापलेल्या स्फोटकांच्या कोशांवरून अकारविल्हे यादी. स्कॅन केलेल्या प्रती फुकट मिळतात. अख्खा आठवडा यातच गेला आणि हाती आली शेकडो नावं. त्यातली निम्म्याहून अधिक नुसती पेटंटं निघाली. कुणीतरी अर्ज केला, नोंद झाली, पुढे एक कांडीसुद्धा खाणीत उतरली नाही. शिवाय एकाच मालाला इंग्लंडात एक नाव, जर्मनीत दुसरं, आणि कारखाना विकला गेला की तिसरं.

यादी मोडीत काढली. कोश जवळ ठेवायचा तो शुद्धलेखनापुरता.

१८ जुलै

दुसरी पद्धत: जुनी वर्तमानपत्रं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि वेल्सची डिजिटल संग्रहालयं विनामूल्य आहेत. ब्रिटनच्या बाकी पेपरांसाठी सदस्यत्व घ्यावं लागलं, तीन हजारांच्या आसपास गेले.

शोधखिडकीत नाव टाकलं की कचराच जास्त येतो. ‘टोनाइट’ टाकलं की अमेरिकन पेपरांतल्या त्या रात्रीच्या नाटकांच्या जाहिराती. ‘हर्क्युलस’ आणि ‘जायंट पावडर’ हीही स्फोटकांचीच नावं. ‘हर्क्युलस’ टाकलं की बोटी, शर्यतीचे घोडे आणि सर्कशीतले पहिलवान. ‘जायंट पावडर’ला बेकिंग पावडर चिकटून येते. स्कॅनमधली अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे खरे उल्लेख सुटतात ते वेगळेच.

उपाय साधा निघाला. नावाच्या जोडीला अपघाताचा एखादा शब्द टाकायचा: ठार, पंचनामा, कोठार. पंचनामा म्हणजे तिकडची कॉरोनरसमोरची, म्हणजे अपघाती मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यासमोरची, चौकशी. कचरा एकदम खाली आला.

२६ जुलै

त्या पंचनाम्यांनीच मोठा रस्ता दाखवला. ब्रिटनमध्ये १८७५ चा स्फोटक कायदा झाल्यावर स्फोटक निरीक्षकांचे वार्षिक अहवाल निघू लागले. मुख्य निरीक्षक होते व्हिव्हियन मॅजेंडी, १८९८ मध्ये वारले तोपर्यंत याच कामावर. या अहवालांत त्या वर्षी कोणत्या मालाला परवाना मिळाला, कुणाला नाकारला, कुठे स्फोट झाला, कोण काय करत होतं, सगळं येतं. विक्रेत्याची जाहिरात म्हणते आमचा माल पूर्ण निर्धोक. त्याच वर्षीचा अहवाल सांगतो की तो माल वापरताना कुणाचा हात गेला.

तक्ता नव्याने आखला. रकाने असे: नाव, पहिला परवाना, कुठे नाकारला, नाकारण्याचं कारण, पहिला अपघात, शेवटचा उल्लेख. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात अवघड. नवा माल आला की गाजावाजा होतो, बंद झाल्याची बातमी कुणी देत नाही.

३० जुलै

फलकाची डावी बाजू भरली. ही सगळी गोष्ट मुळात नायट्रोग्लिसरीन या धक्क्यानेही फुटणाऱ्या द्रव स्फोटकाच्या वाहतुकीची आहे.

३ एप्रिल १८६६, पनामाच्या किनाऱ्यावरचं आस्पिनवॉल: ‘युरोपियन’ नावाचं जहाज धक्क्यावर फुटलं. त्याच महिन्याच्या १६ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत वेल्स फार्गो या माल पोचवणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात गळकी पेटी उघडताना स्फोट झाला. त्यानंतर हा माल कुणी वाहून न्यायला धजेना. तरी कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांच्या ग्रॅनाइटमधून बोगदे काढणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक रेल्वेला तो हवाच होता. मग जेम्स हाउडन नावाच्या रसायनज्ञाला डोंगरावर नेऊन तिथल्या तिथे बनवून घेतला. १८६७ सालची गोष्ट.

त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडातल्या न्यूकॅसलमध्ये एका तळघरात बेवारस डबे सापडले. गावाबाहेर टाउन मूरवर नेऊन पुरायचं ठरलं. तिथे जे फुटलं त्यात गावचे शेरिफ जॉन मॉसन आणि बरोबरची माणसं गेली. ३० जून १८६९ ला उत्तर वेल्समध्ये कुम-अ-ग्लो इथे पाटीच्या दगडाच्या खाणीकडे निघालेल्या दोन गाड्या रस्त्यावरच उडाल्या. मग मात्र पार्लमेंटने त्याच वर्षी नायट्रोग्लिसरीनसाठी स्वतंत्र कायदा केला.

नोबेलचं डायनामाइट याच सुमाराचं, १८६७. द्रव मातीत जिरवला की गळत नाही, वाहून नेता येतो. तरी ब्रिटिश रेल्वे कंपन्या ते घ्यायला तयार नव्हत्या, आणि स्कॉटलंडातल्या आर्डियरच्या कारखान्याला माल समुद्रमार्गे पाठवावा लागे. माल निर्धोक आहे हे कारखानदाराने सांगणं वेगळं आणि गार्डने त्याच डब्यात बसून प्रवास करणं वेगळं.

५ ऑगस्ट

नावांचा गुंता आज थोडा सुटला. अमेरिकेत नोबेलच्या पेटंटावर माल काढणारी पहिली कंपनी जायंट पावडर, सॅन फ्रान्सिस्को. तिचा पहिला कारखाना नोव्हेंबर १८६९ मध्ये उडाला. स्पर्धक कॅलिफोर्निया पावडर वर्क्सने आपल्या मालाचं नाव ठेवलं हर्क्युलस, कारण राक्षसाला मारणारा तो. पुढे कॅलिफोर्नियात या नावाचं गावच वसलं, आजही आहे. खडकाला या दोघांतला फरक कितपत कळत असेल देव जाणे. पेटंट चुकवायचं तर जिरवायची माती बदलायची, नाव बदलायचं आणि कोर्टात जायची तयारी ठेवायची, असा तो काळ.

लिथोफ्रॅक्टरचा माग जास्त मजेदार. कोलोनचं क्रेब्ज कुटुंब, तिथून माल थेट ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणींत. १८७० च्या दशकात मेलबर्नजवळ डीअर पार्कला ऑस्ट्रेलियन लिथोफ्रॅक्टर कंपनीचा कारखाना उभा राहिला. नाव गेलं, जागा राहिली: आधी नोबेलकडे, मग आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीकडे, आता ओरिका या ऑस्ट्रेलियन स्फोटक कंपनीकडे. आपल्याकडचा गोमियाचा कारखाना (बोकारोजवळ, १९५८) हाही आयसीआयनेच काढलेला आणि तोही पुढे ओरिकाकडेच गेला. या दोन कारखान्यांना जोडणारी रेघ फलकावर काढणार. नामशेष नावाचा शोध घेताना मालकीची साखळी धरावी, लवकर हाती लागतं.

१२ ऑगस्ट

महाराष्ट्राचा कोपरा हवाच, असा आयोजकांचा आग्रह. सगळ्यांच्या मनात भोर घाट. खंडाळ्याच्या चढावरचे २५ बोगदे, काम १८५६ ते १८६३, एका वेळी बेचाळीस हजारांच्या वर माणूस कामावर. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येऊन काही दिवसांतच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे नेलं.

पण इथे आपल्या यादीतलं एकही नाव बसत नाही. डायनामाइटचं पेटंटच १८६७ चं, म्हणजे घाटातला बेसॉल्ट हातोडी-छिन्नीने पाडलेल्या भोकांतून साध्या दारूनेच फुटला. थळ घाटाचंही तेच, तो १८६५ ला खुला झाला. काही लेखांत ‘डायनामाइट लावून भोर घाट फोडला’ असं छापलेलं सर्रास दिसतं. फलकावर एक ओळ त्यासाठी: या घाटांत डायनामाइट नव्हतं. एका सदस्याला हे फारसं रुचलं नाही, ‘मग घाट ठेवायचा कशाला?’ म्हणाले. मी म्हटलं, याच कारणासाठी ठेवायचा.

या कोपऱ्यात दाखवण्यासारखी वस्तू म्हणजे वात. कॉर्नवॉलच्या विल्यम बिकफर्डने १८३१ मध्ये सुतात गुंडाळलेली सुरक्षित वात काढली. त्याआधी पिसाच्या पोकळ नळीत किंवा गवताच्या काडीत दारू भरून पेटवायचे. ती किती वेळात जळेल याचा नेम नाही. मोठमोठ्या स्फोटकांपेक्षा या सुतळीने जास्त माणसं वाचवली असतील असं माझं मत आहे.

२० ऑगस्ट

शहरातल्या एका ग्रंथालयात जुने भारतीय वार्षिक अहवाल असल्याचं सूचीत दिसत होतं. गेलो, अर्ज दिला, बसलो. गठ्ठे वाळवी लागल्याने काढून टाकले, सूची तेवढी बदलायची राहिली. पुढच्यांसाठी: आधी फोन करून पुस्तक प्रत्यक्ष फळीवर आहे का ते बघायला सांगा.

२७ ऑगस्ट

रोब्युराइट. कार्ल रॉथ या जर्मनाचा शोध, इंग्लंडात विगनजवळ गॅथर्स्टला कारखाना, १८८० च्या दशकाचा शेवट. कोळशाच्या खाणीत काळ्या दारूची ज्वाला मिथेनला आणि कोळशाच्या धुळीला पेटवते, म्हणून थंड ज्वालेची स्फोटकं हवी होती. रोब्युराइट, बेलाइट, टोनाइट ही त्या शर्यतीतली.

कंपनीची पत्रकं ज्वालेबद्दलच बोलतात. खाणमजूर बोलत होते धुराबद्दल. डोकं दुखतं, उलट्या होतात. मालकांचं म्हणणं, नव्या मालाला विरोध करायचा म्हणून कुरकुर. शेवटी डरहॅममध्ये मालक आणि मजूर दोघांच्या बाजूने समिती बसली आणि १८८९ मध्ये रोब्युराइट, टोनाइट आणि काळी दारू या तिघांच्या धुराचा अभ्यास झाला. स्फोटकाच्या इतिहासात हवेचे नमुने आणि मजुरांची प्रकृती ही कागदपत्रं मला फार मोलाची वाटतात. ताकद किती हे सगळेच लिहून ठेवतात.

फलकावर रोब्युराइटला सगळ्यात मोठी चौकट दिली.

४ सप्टेंबर

रॅकारॉक. याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला.

१० ऑक्टोबर १८८५ ला न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमधला फ्लड रॉक हा नऊ एकरांचा खडक जनरल जॉन न्यूटनने एका झटक्यात उडवला. वापरलेल्या मालात बहुतेक हिस्सा रॅकारॉकचा. याचं वैशिष्ट्य असं की दोन भाग वेगवेगळे न्यायचे, एकेकटे ते स्फोटक नाहीत, कामाच्या जागी एकत्र आणायचे. वाहतुकीचा प्रश्नच मिटला. कल्पना हर्मान स्प्रेंगेलची, १८७० च्या दशकातली.

मग ब्रिटनच्या खाणींत हे का दिसत नाही? बराच काळ मी कमी ताकद, ओल, किंमत अशी तांत्रिक कारणं शोधत राहिलो. उत्तर कायद्यात होतं. १८७५ च्या कायद्याप्रमाणे स्फोटक बनवायला परवाना असलेला कारखाना लागतो, आणि दोन भाग एकत्र करणं म्हणजे बनवणंच. खाणीच्या तोंडाशी ते करणारा मजूर कायद्याच्या लेखी विनापरवाना कारखानदार ठरला. जो गुण अमेरिकेत विकला गेला त्याच गुणामुळे माल ब्रिटनमध्ये अडला.

तक्त्यात ‘नाकारण्याचं कारण’ या रकान्याचे दोन केले: तांत्रिक आणि कायदेशीर. जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. कायदेशीर बाजू बरीच जड झाली.

११ सप्टेंबर

आपल्याकडचा १८८४ चा कायदा ब्रिटिश कायद्याच्याच वळणाचा. तिकडे स्फोटकांचे सात वर्ग होते: दारू, नायट्रेट मिश्रणं, नायट्रो संयुगं, क्लोरेट मिश्रणं, फल्मिनेट, दारूगोळा, शोभेची दारू. आपल्या नियमांत एक आठवा वर्ग आहे: द्रव ऑक्सिजन स्फोटकं.

हाही वापरायच्या जागीच तयार होणारा माल. जर्मनीत कार्ल लिंडे या अभियंत्याने १८९० च्या दशकात काढला, १८९९ मध्ये सिम्प्लॉन बोगद्यावर वापरून पाहिला आणि सोडून दिला. पहिल्या महायुद्धात नायट्रेट मिळेना तेव्हा जर्मन खाणींनी पुन्हा उचलला. पुढे अमेरिकेतल्या खुल्या कोळसा खाणींत चालला आणि १९६० च्या आसपास मावळला. भारतातल्या खुल्या कोळसा खाणींत तो त्यानंतरही बरीच वर्षं होता. खाणवाल्यांच्या तोंडी ‘लॉक्स’. रॅकारॉकसारखा इथे अडला नाही, कारण त्याच्यासाठी नियमात वेगळी जागा केली गेली. फलकाची उजवी बाजू याला.

१५ सप्टेंबर

लॉक्स वापरलेले एक निवृत्त ब्लास्टर (खाणीत सुरुंग उडवणारे) काका भेटले. वय ऐंशीच्या पुढे, कान एका बाजूने गेलेला, आवाज खणखणीत. मी वही काढली तशी म्हणाले, ‘अरे भाऊ, लिहितोस काय, आधी चहा घे.’

त्यांनी सांगितलेलं: शोषक काडतुसं पेटीत द्रव ऑक्सिजनमध्ये बुडवून ठेवायची. बाहेर काढली की पिशवीवर पांढरं दव धरायचं, हातमोजा चिकटायचा. तिथून पुढे घड्याळ. ऑक्सिजन उडत जातो तशी ताकद उतरत जाते. भोकं आधी तयार, माणसं आपापल्या जागी, भरायचं आणि लगेच उडवायचं. भरलेल्या भोकांच्या तोंडातून वाफ निघत असायची, ‘सगळं मैदान श्वास घेतंय असं वाटे.’

‘भीती कशाची वाटायची?’ विचारलं.

‘स्फोटाची नाही बाप्पा. आगीची. बिडी तर दूरच, तेलकट कपडा घालून कुणी आलं तर मी हाकलून द्यायचो. आणि ट्रक बंद पडला की सगळा खेळ खलास, माल हवेत.’

मिसफायरबद्दल ते उलट बोलले. नेहमीच्या माल भरलेल्या भोकात कांडी न फुटता राहिली तर ती पुढच्या पाळीच्या जिवावर. लॉक्समध्ये पुरेसा वेळ थांबलं की ऑक्सिजन उडून जातो, काडतूस मरतं. हा फायदा छापील अहवालांतही आहे, पण त्यांनी तो ज्या सुरात सांगितला तो अहवालात कुठून येणार. सगळं ध्वनिमुद्रित केलं, त्यांच्या परवानगीने. नाव फलकावर नको म्हणाले.

२२ सप्टेंबर

काचेच्या पेटीत काय ठेवायचं? खरी कांडी, डिटोनेटर, जुनी रिकामी वेष्टणंसुद्धा नाहीत, हे ठाम. जुन्या वेष्टणाला काय चिकटलेलं असेल सांगता येत नाही. कुणाच्या घरी माळ्यावर असलं काही सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा, प्रदर्शनात आणू नका.

त्याऐवजी डायनामाइट गरम करायच्या डब्याची प्रतिकृती. नायट्रोग्लिसरीन साधारण १३ अंश सेल्सिअसला गोठतं. तेवढं तर नागपूरच्या जानेवारीतल्या पहाटेही उतरतं. गोठलेली कांडी नीट फुटत नाही, म्हणून ती ऊबेला ठेवायची. त्यासाठी दुहेरी भिंतीचा पत्र्याचा डबा असे: बाहेरच्या कप्प्यात गरम पाणी, आतल्या कोरड्या कप्प्यात कांड्या. नियम असा की पाणी दुसरीकडे तापवून ओतायचं, डबा विस्तवावर ठेवायचाच नाही. निरीक्षकांच्या अहवालांत या एका कारणाने झालेले अपघात वर्षामागून वर्ष येत राहतात. डबा चुलीवर ठेवला, डबाच नव्हता म्हणून लोहाराच्या भट्टीशेजारी कांड्या मांडल्या, कुणी बुटात घातल्या. पुढे न गोठणारा माल निघाला तेव्हा हा प्रकार थांबला.

इतवारीतल्या पत्र्याच्या कारागिराला चित्र दाखवलं. पहिला डबा त्याने एकाच भिंतीचा केला, कारण ‘आतली भिंत दिसत तर नाही, कशाला खर्च?’ पेटीत ठेवायच्या वस्तूसाठी ते बरोबरही होतं. पण मला तो उभा चिरलेला हवा होता, दोन्ही कप्पे दिसायला. दुसरा डबा छान झाला. दोन्ही मिळून अठराशे. कांड्या म्हणून लाकडी दांड्या मेणकागदात गुंडाळल्या आणि वर मोठ्या अक्षरात ‘लाकूड’ लिहिलं.

६ ऑक्टोबर

फलकाचा कच्चा छाप काकांना दाखवला. लॉक्सच्या चौकटीत मी एका अमेरिकन खाणीचं चित्र घेतलं होतं. त्यांनी चष्मा वर केला, जवळून बघितलं, ‘हा माणूस भोकावर वाकून काय पाहून राहिला? आमच्याकडे असा वाकला असता तर मी कॉलर धरून मागे ओढला असता.’ चित्र काढलं, तिथे त्यांचीच दोन वाक्यं घातली.

१४ ऑक्टोबर

छपाई. फ्लेक्स स्वस्त, पण दिव्याखाली चमकतो आणि बारीक अक्षर वाचता येत नाही. सनबोर्डवर मॅट छाप घेतला, साडेचार हजार. छापखान्याच्या संगणकात युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये गेला आणि ‘रोब्युराइट’मधला ब्यु तुटून वेगळा पडला, ‘फ्रॅक्टर’मधला फ्रॅ गायब. मजकूर पीडीएफ करूनच द्यावा, अक्षरं चित्रात बदलून. एक छाप वाया गेला. त्याचे पैसे छापखान्याने निम्मेच घेतले.

सदस्यत्व, डबे, छपाई, झेरॉक्स धरून खर्च बारा हजारांच्या थोडा वर गेला. वरचे माझे.

१९ ऑक्टोबर

फलक पोचता केला. तक्त्यात ज्या नावांना परवाना, नकार किंवा अपघात यांपैकी एकाचाही सरकारी पुरावा मिळाला नाही ती फलकावर घेतलेली नाहीत, त्यात ड्युअलिन पण गेलं. ते अमेरिकेतल्या हूसॅक बोगद्यावर वापरल्याचे उल्लेख आहेत, पण ते सगळे विकणाऱ्यांच्या आणि त्यांच्या वैऱ्यांच्या तोंडचे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या बोगदा-आयुक्तांचे अहवाल स्कॅन झालेले आहेत, आता ते वाचायला घेतो आहे.